प्रकल्प नोंदी : इन्स्टॉलेशनचे पेनड्राइव्ह पुन्हा साठवणीच्या कामाला

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

शाळेच्या संगणक कक्षातून पाच पेनड्राइव्ह घरी आणले. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाले. कक्षातली मशिन सहाव्या पिढीच्या आय-थ्रीची, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत रॅम वाढवून, एसएसडी बसवून सगळीकडे उबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकलं. त्या कामात हे पेनड्राइव्ह लागले. काम झालं आणि ते ड्रॉवरमध्ये पडून राहिले.

आता त्यांची गरज आहे. नववीच्या मुली गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतायत. फोन भरून गेलेत. मॅडमनी एक पेनड्राइव्ह त्यांच्या विंडोज लॅपटॉपला लावला तर ३२ जीबीच्या जागी पाच एमबीच्या आसपास जागा दिसली, आणि सोबत ‘हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का’ अशी खिडकी उघडली. त्यांनी होकार दिला, तरीही परिस्थिती बदलली नाही. एक मुलगी म्हणाली, “दादा, हा मेला वाटतं.”

मेलेला नाही. उबुंटूची इमेज, म्हणजे इन्स्टॉलरची एकसंध फाइल, पेनड्राइव्हवर बाइट-न्-बाइट उतरवली की इमेजमधला विभागांचा नकाशाही तसाच उतरतो. लिनक्सवर एलएसबीएलके (जोडलेले ड्राइव्ह आणि त्यांचे भाग दाखवणारी आज्ञा) चालवून मुलींना दाखवलं : पहिला भाग ५.८ जीबीचा, त्यात सीडीच्या पद्धतीची आयएसओ ९६६० फाइल सिस्टिम (फायली मांडून ठेवायची पद्धत). दुसरा पाच एमबीचा, संगणक सुरू होताना वाचला जाणारा ईएफआय भाग. तिसरा जेमतेम ३०० केबीचा. चौथा उरलेली सगळी जागा धरून बसलेला, नाव ‘रायटेबल’. हा चौथा भाग इमेजमध्ये नसतो, पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं की ते स्वतःच तो बनवतं. त्याची फाइल सिस्टिम ईएक्सटी ४, जी विंडोजला वाचता येत नाही. सीडीच्या पद्धतीचा पहिला भागही विंडोज पेनड्राइव्हवर धड उघडत नाही. तेव्हा विंडोजच्या हाताला लागतो तो फक्त पाच एमबीचा तुकडा, आणि तेवढाच ते फॉरमॅट करतं.

मुलींना एवढं नीट समजावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून फळ्यावर आडवी पट्टी काढून चार भाग पाडले. उजवं क्लिक करून केलेलं फॉरमॅट हे एका भागाचं असतं, पेनड्राइव्हचं नसतं. भाग पाडणारा नकाशा त्याच्या बाहेर, ड्राइव्हच्या सुरुवातीला असतो. तो पुसल्याशिवाय जागा परत मिळत नाही. पेनड्राइव्ह ‘खराब झाला’ म्हणून कचऱ्यात जाण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिले दोन (दोन्ही ३२ जीबी, दोन्हीवर उबुंटू) साफ केले.

आधी खात्री की समोरचा एसडीबी (लिनक्सनं ड्राइव्हला दिलेलं नाव) म्हणजे पेनड्राइव्हच आहे. पेनड्राइव्ह काढून एलएसबीएलके, लावून पुन्हा एलएसबीएलके. जी ओळ नवीन आली ती त्याची. आकारही जुळवून पाहिला. मग ड्राइव्हचे सगळे भाग अनमाउंट करून (वापरातून सोडवून) वाइपएफएस ही खुणा पुसणारी आज्ञा, सगळं पुसण्याच्या पर्यायासह, आणि भागाचं नाव न देता पूर्ण ड्राइव्हचं नाव देऊन. नावाच्या शेवटी एक आकडा राहिला तर फक्त तो भाग पुसला जातो.

त्यानं काय पुसलं ते वाचण्यासारखं आहे. ०x२०० (०x म्हणजे सोळाच्या पायाचा आकडा) या जागेवरचे आठ बाइट : ४५ ४६ ४९ २० ५० ४१ ५२ ५४. ही जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीच्या नकाशाची सही, अक्षरांत वाचली तर ‘ईएफआय पार्ट’. मग ड्राइव्हच्या अगदी शेवटाजवळचे तेच आठ बाइट, कारण जीपीटी स्वतःची दुसरी प्रत शेवटी ठेवते. मग ०x१एफई वरचे ५५ एए, जुन्या पद्धतीच्या एमबीआर नकाशाची खूण. आणि ०x८००१ वरचे पाच बाइट, ४३ ४४ ३० ३० ३१, म्हणजे ‘सीडी००१’ ही आयएसओ ९६६० ची खूण. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटांचा, त्यातले पहिले सोळा मोकळे सोडायची पद्धत. १६ गुणिले २०४८ म्हणजे ३२,७६८, म्हणजेच ०x८०००. त्याच्या पुढच्याच बाइटपासून सही सुरू. एका मुलीनं हे गणित वहीत स्वतः करून पाहिलं आणि उत्तर जुळल्यावर सगळ्यांना दाखवत फिरली.

शेवटची प्रत महत्त्वाची. डीडी या थेट ड्राइव्हवर लिहिणाऱ्या आज्ञेनं सुरुवातीचे एक-दोन एमबी शून्यांनी भरायचा सल्ला खूप जण देतात. त्यानं पुढचा नकाशा जातो, मागचा राहतो. मग एखादं विभागणीचं साधन ती मागची प्रत पाहून ‘नकाशा दुरुस्त करू का’ असं विचारतं आणि जुने भाग परत उभे राहू शकतात. दोन्ही टोकं साफ करावीत.

मॅडमच्या लॅपटॉपसाठी विंडोजची पद्धतही कागदावर लिहून दिली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय भागावरचा ‘डिलीट व्हॉल्यूम’ पर्याय फिका दिसतो, तिथे वेळ घालवू नये. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडायचा, डिस्कपार्ट सुरू करायचं, लिस्ट डिस्क, मग आकार बघून सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन. क्लीन ही आज्ञा ‘नक्की का?’ असं विचारत नाही, लगेच पुसते. म्हणून सिलेक्ट केल्यावर पुन्हा एकदा लिस्ट डिस्क देऊन तारांकन कोणत्या ओळीपुढे आहे ते बघायचं, असं कागदावर ठळक लिहिलंय. पुढे क्रिएट पार्टिशन प्रायमरी आणि फॉरमॅट.

तिसरा १६ जीबीचा, त्यावर रूफस या विंडोजवरच्या साधनानं बनवलेलं जुनं विंडोजचं इन्स्टॉलर. मोठा एनटीएफएस भाग आणि शेवटी एक एमबीचा छोटा भाग. तोही तसाच साफ झाला. लिहिण्यासारखं फारसं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साफ झाला म्हणजे भरवशाचा झाला असं नाही. आता खरी तपासणी.

साधन एफ-थ्री. ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’ची तीन एफ, म्हणून हे नाव. विंडोजवर याच कामाचं एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आहे, जर्मनीतल्या ‘सीटी’ मासिकाकडचं, आणि एफ-थ्रीची कल्पना त्यावरूनच आली. एफ-थ्री-राइट पूर्ण मोकळी जागा एकेक जीबीच्या फायलींनी भरतं, एफ-थ्री-रीड त्या परत वाचून लिहिलं तेच आलं का ते पाहतं.

पहिल्या ३२ जीबीला लिहायला तासाभराहून जास्त लागला. सुरुवातीचा वेग सेकंदाला वीस एमबी, मग घसरत आठवर. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये हे नेहमीचं आहे : थोडा भाग जलद साठवणीसाठी राखलेला असतो, तो भरला की मूळचा वेग उघडा पडतो. वाचन वीस मिनिटांत झालं. खराब सेक्टर शून्य. दुसराही उत्तम. १६ जीबीचाही.

मुलींचा प्रश्न : ३२ लिहिलंय तर २८.७ का? दोन कारणं. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि एलएसबीएलके १०२४ च्या पटीत. त्या हिशेबानं पूर्ण ३२ अब्ज बाइटसुद्धा २९.८ दिसतात. दुसरं, आतल्या चिपमधले काही ब्लॉक कंट्रोलर (चिप सांभाळणारा भाग) स्वतःसाठी राखून ठेवतो, कारण फ्लॅशचे, म्हणजे त्या चिपचे, ब्लॉक झिजतात आणि बदली ब्लॉक लागतात. म्हणून प्रत्यक्षात ३०.८ अब्ज. ही फसवणूक नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज सापडली ती मात्र फसवणूक.

चौथा पेनड्राइव्ह, वर १२८ जीबी छापलेलं, कुणीतरी शाळेला भेट दिलेला. सुट्टीत यावरूनही उबुंटू टाकलं गेलं आणि कुरबूर झाली नाही. म्हणून सगळ्यांचा यावर जास्त जीव : एवढ्या जागेत सगळ्या ओव्या मावतील.

पूर्ण लिहून तपासायला अख्खा दिवस जाईल, म्हणून एफ-थ्री-प्रोब चालवलं. हे फाइल सिस्टिमला बगल देऊन थेट ड्राइव्हवर ठरावीक ठिकाणी लिहितं आणि तपासतं. उत्तर काही मिनिटांत आलं : नकली, प्रकार ‘लिंबो’. जाहीर आकार १२८ जीबी, वापरता येणारा जेमतेम आठ.

लिंबो म्हणजे असं : आत आठ जीबीची चिप आहे आणि कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलंय. आठच्या पुढच्या पत्त्यावर लिहायला गेलं तर कंट्रोलर ‘लिहिलं’ म्हणतो आणि डेटा टाकून देतो. चूक दाखवत नाही, फाइलचं नाव यादीत दिसतं, आकारही बरोबर दिसतो. उघडल्यावर आत काही नसतं. दुसऱ्या प्रकारात, ‘रॅपअराउंड’मध्ये, पुढचं लिखाण फिरून पहिल्या पत्त्यांवर येतं आणि आधीच्या चांगल्या फायलीही मारतं.

मग उबुंटू कसं चाललं? इमेज सहा जीबीच्या आतली. ती खऱ्या आठमध्येच बसली. याच्यावर आणखी वर्षभर संगणक बसवत राहिलो असतो तरी कुणाला पत्ता लागला नसता. आणि ओव्यांचं रेकॉर्डिंग यावर टाकलं असतं तर आठ जीबीनंतरची प्रत्येक आजी कायमची गेली असती. यातल्या बऱ्याच जणी ऐंशीच्या पुढच्या आहेत. ज्यांच्याकडे घरोघरी दळताना म्हटलेलं अजून पाठ आहे अशा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच उरल्यात. त्यांना पुन्हा बसवून पुन्हा म्हणायला लावणं दर वेळी शक्य होणार नाही. मुलींचे चेहरे उतरले, पण हे आजच कळलं याचा मला मनापासून आनंद आहे.

एफ-थ्री-फिक्सनं खऱ्या आकाराएवढाच भाग पाडता येतो. पाडला. वर चिकटपट्टी लावून ‘८ जीबी, रेकॉर्डिंगसाठी नाही’ असं लिहिलं. प्रिंटच्या दुकानात पीडीएफ न्यायला चालेल. मूळ कागद शाळेत असतोच.

पाचवा ड्राइव्ह लिहूच देत नाही. वाइपएफएसनं पुसलं म्हणावं, काढून लावलं की जुने भाग जसेच्या तसे. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदींत, ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’. बाजूला सरकबटण नाही. डिस्कपार्टमध्ये रीडओन्ली काढून पाहिलं, फरक नाही. फ्लॅश झिजली किंवा बिघडली की काही कंट्रोलर असे स्वतःला कुलूप लावून घेतात, निदान आतलं वाचता यावं म्हणून. बाहेरून हे कुलूप निघत नाही. कंट्रोलरच्या कारखान्यातल्या सॉफ्टवेअरच्या प्रती इंटरनेटवर फिरतात, पण ज्या ड्राइव्हनं झीज जाहीर केलीय त्याला जबरदस्तीनं पुन्हा उभं करून त्यावर आज्यांचा आवाज ठेवायचा नाही. ई-कचऱ्याच्या पेटीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

उरलेल्या तिघांवर कोणती फाइल सिस्टिम, यावर बराच वेळ गेला. तो जायलाच हवा होता.

फॅट-३२ सगळीकडे चालतं : टीव्ही, ब्लूटूथ स्पीकर, गाडीतला प्लेयर, झेरॉक्सवाल्याचं मशिन. पण एक फाइल चार जीबीहून मोठी चालत नाही. काही आज्यांचा व्हिडिओही घेतलाय, आणि फुल एचडीत अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की फाइल तिथे पोचते. एक्सफॅटला ही अडचण नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये त्याचं तपशीलपत्र खुलं केलं, २०२० मध्ये ५.७ या लिनक्स कर्नेलमध्ये चांगला ड्रायव्हर आला, त्यामुळे आमच्या उबुंटूवर वेगळं काही टाकावं लागत नाही. जुने टीव्ही मात्र एक्सफॅट ओळखत नाहीत. ईएक्सटी ४ ठेवलं असतं तर मॅडमचा लॅपटॉप बाहेर राहिला असता.

ठरलं : ३२ जीबीचे दोन्ही एक्सफॅट, रेकॉर्डिंगच्या ने-आणीसाठी. १६ जीबीचा फॅट-३२, आज्यांच्या घरी ऐकवायला. तिन्हींवर जुन्या पद्धतीचा एमबीआर नकाशा, एकच भाग, सुरुवात २०४८ व्या सेक्टरपासून. जीपीटीची गरज दोन टीबीच्या पुढे पडते, आणि स्वस्त स्पीकर जीपीटी पाहून गप्प बसतात.

एक्सफॅटवर ड्राइव्हचं नाव देवनागरीत देता येतं, जास्तीत जास्त ११ चिन्हं. मुलींना हवं होतं ‘जात्यावरच्या’. ज, काना, त, हलंत, य, काना, व, र, च, हलंत, य, काना : बारा. एकानं हुकलं. मग ‘ओव्या १’ आणि ‘ओव्या २’.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमनी लॅपटॉपवरून पहिली खेप ‘ओव्या १’ वर आणली. कक्षातल्या मशिनवर उतरवताना काही फायली अडल्या : ‘फाइल नेम टू लाँग’. पेनड्राइव्हवर त्याच फायली व्यवस्थित वाजतात.

कारण शोधलं. मुलींनी नावं मोठ्या आस्थेनं दिलीत : गाव, वाडी, आजीचं पूर्ण नाव, माहेर, ओवीचा पहिला चरण, तारीख. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची. ईएक्सटी ४ मध्ये २५५ बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना, मात्रा, हलंत वेगवेगळे धरून. म्हणजे आमच्या मशिनवर देवनागरी नाव ८५ चिन्हांत बसवावं लागतं. नुसत्या ‘क्ष’ला नऊ बाइट. इंग्रजीत नावं देणाऱ्याला ही भिंत कधी लागत नाही, म्हणून याबद्दल कुठे चटकन वाचायलाही मिळत नाही.

नावं छोटी केली : वाडीचं नाव, आजीचं नाव, क्रमांक. बाकीचं सगळं एका तक्त्यात, प्रत्येक रेकॉर्डिंगला एक ओळ. तक्ता भरताना एका मुलीच्या लक्षात आलं की एकच ओवी दोन वाड्यांवर वेगळ्या शेवटानं म्हटली जाते. नाव कापावं लागलं म्हणून हा रकाना तयार झाला, आणि तो आता तक्त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना आहे.

कॉपीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना करून दाखवली. पट्टी शंभर टक्क्यांवर गेली तरी लिहिणं संपलेलं नसतं, लिनक्स ते आधी रॅममध्ये घेतं. मेमइन्फो फाइलमधला ‘डर्टी’ आकडा, म्हणजे अजून लिहायचं किती राहिलंय ते, दर सेकंदाला बघायला लावला. साडेसातशे एमबीवरून तो हळूहळू खाली येत होता आणि पट्टी केव्हाच गायब झाली होती. ‘आता काढता येईल’ अशी सूचना येईपर्यंत हात लावायचा नाही. हे मी वर्षानुवर्षे सांगत आलोय, पण तो उतरता आकडा पाहिल्यावर त्यांना पटलं तसं माझ्या सांगण्यानं कुणाला पटलेलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

जुळणीची सवय लावली. रेकॉर्डिंग मशिनवर आलं की फोल्डरची एसएचए-२५६ यादी (प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) बनवायची, पेनड्राइव्हवर कॉपी करायची, पेनड्राइव्ह नीट काढून पुन्हा लावायचा, मग यादीशी ताडायचं. काढून लावणं आवश्यक आहे. नाहीतर संगणक नुकतंच लिहिलेलं रॅममधूनच वाचतो आणि पेनड्राइव्हची तपासणी होतच नाही. आजच्या खेपेत प्रत्येक ओळीपुढे ‘ओके’.

मूळ प्रती कक्षातल्या मशिनवर आणि मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर राहतील. पेनड्राइव्ह फक्त ने-आणीला. फ्लॅशमधला विद्युतभार वीज न मिळता पडून राहिला तर वर्षांनी कमी होत जातो, स्वस्त चिपमध्ये अधिक लवकर. कपाटात ठेवून विसरण्याची ती वस्तू नाही, आणि या रेकॉर्डिंगांच्या बाबतीत मी ती जोखीम घेऊ देणार नाही.

१६ जीबीच्या फॅट-३२ वर एमपी-३ करून ओव्या टाकल्या आणि एका आजीच्या नातवाच्या ब्लूटूथ स्पीकरला लावून पाहिलं. वाजल्या, पण क्रम उलटसुलट. तिसरी आधी, मग नववी. असे स्पीकर नावानुसार लावत नाहीत, फॅटच्या यादीत फाइल ज्या क्रमानं नोंदली गेली त्याच क्रमानं वाजवतात. फॅटसॉर्ट नावाचं छोटं साधन ती यादीच नावाच्या क्रमानं पुन्हा लिहितं. ड्राइव्ह अनमाउंट करून ते चालवलं, आणि नावांतले क्रमांक ०१, ०२ असे दोन आकडी केले, नाहीतर १० हा २ च्या आधी येतो. आता क्रम बरोबर. टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत होते, म्हणून या एका ड्राइव्हवर नावं रोमन लिपीत ठेवली.

हा ड्राइव्ह उद्यापासून वाडीवर जाईल, घरोघरी फिरेल. दोन आज्यांनी स्वतःचं ऐकून सांगितलंय की काही ओव्या म्हणायच्या राहिल्या, पुन्हा या. त्यांच्यासाठी ‘ओव्या २’ मोकळा ठेवलाय.